पद्मावतीचं दार

"अम्मा, आप अंदर बैठो," खाजा मिस्त्री म्हणाला. "पुरानी गाडी है. आपके वजन के साथच दरवाजा बिठाना पडता."

पद्मावती आत बसली. चाळीस वर्षांच्या काळ्या मॉरिसचं डावं दार, म्हणजे तिचंच दार, बिजागरीतून खाली लोंबलं होतं. आतून ओढलं तर लागायचंच नाही. प्रतापरावांना उतरून, गाडीला वळसा घालून यावं लागे. "पदर घे," म्हणत ते दोन्ही हातांनी दार उचलत आणि लावत. चिक्कडपल्लीतल्या शेजारणी म्हणायच्या, नवरा असावा तर असा! त्यांना काय माहीत, की घरात हा माणूस दिवसभर पेपरात तोंड खुपसून बसतो आणि चहा मागण्यापलीकडे बोलत नाही.

तरी चाललं होतं. पण काल मुलाने, रितेशने, नवी मारुती आणली. "पप्पा, बघा, एका बोटानं दार लागतंय," म्हणत लावूनही दाखवलं. झालं! प्रतापरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आज सकाळीच मॉरिस मिस्त्रीकडे.

खाजाने बिजागरीच्या झिजलेल्या खिळी बदलल्या, दाराखाली लाकडाचा ठोकळा देऊन ते वर उचललं आणि स्क्रू आवळले. "हौ अम्मा, अब खींचो."

तिने ओढलं. म्हणजे ओढल्यासारखं केलं.

"नाही लागत," ती म्हणाली.

खाजाने पुन्हा स्क्रू सैल केले, पुन्हा आवळले. तिने पुन्हा तसंच ओढलं. नाहीच लागलं.

"अगं, जोर लाव की जरा!" प्रतापराव खेकसले. "सकाळी भाकरी खाल्ली नाहीस का?"

खाजाने तिच्याकडे एकदा बघितलं आणि बाहेरून एक बोट लावलं. खट्. दार बसलं.

पद्मावतीला रडूच आलं. पण दार नीट लागलं म्हणून रडते, असं कुणाला सांगायचं? ते अर्धं मिनिट तिचं होतं. छत्तीस वर्षांच्या संसारात नवरा तिच्यासाठी वळसा घालून येई तो तेवढाच, आणि आज तिच्याच वजनानं तेही गेलं.

"चल, नामपल्लीपर्यंत चालवून बघू," प्रतापराव खुशीत म्हणाले. "लाव तुझं तू!"

तिने लावलं. खट्.

पहिल्याच सिग्नलला शेजारचा स्कूटरवाला ओरडला, "अंकल! आंटी का पल्लू बाहर है!"

"अगं, दार उघड आणि घे आत."

"मला नाही उघडता येत," पद्मावती समोर बघत म्हणाली. "नव्याची सवय नाही ना."

मागून बसवाल्याने हॉर्न लावून धरला. प्रतापराव करवादत उतरले, वळसा घालून आले, दार उघडलं. पदराच्या काठाला धूळ लागली होती. त्यांनी तो दोनदा झटकला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

"पदर घे," ते म्हणाले. सवयीने त्यांचे दोन्ही हात दाराखाली गेले. उचलायला काही नव्हतं.

परत येऊन त्यांनी गाडी सुरू केली. "आता दार ठीक झालंय. पदर तुझा तूच सांभाळायचा. कळलं?"

"हो," पद्मावती म्हणाली आणि मांडीवरचा काठ हळूच दाराकडे सरकवला. नामपल्लीला अजून दोन सिग्नल होते.