खंड्याची शेपटी

खंड्या पक्ष्याच्या शेपटीवर मास्तरांचा कुंचला घसरला. निळ्या पिसातून निघालेली रेघ थेट पांढऱ्या आभाळात गेली होती. भिंगाशिवाय ती कुणाला दिसली नसती. पण या कारखान्यात भिंगाशिवाय कुणी काही बघतच नसे.

रंग ओला होता, रेघ पुसता आली असती. पण हाताचा काही भरवसा राहिला नव्हता. पुसायला जावं तर अख्खा पक्षीच उडायचा! मिन्याचा काचरंग एकदा भाजला की चूक कायमची, हे माहीत असूनही त्यांनी घड्याळाची तबकडी भट्टीत सरकवली.

उभा जन्म त्यांनी नखाएवढ्या जागेत घालवला होता. श्रीमंतांच्या घड्याळांवर मोर काढले, गलबतं काढली, कुणाकुणाची वारलेली कुत्रीसुद्धा काढली. मास्तरांचा हात म्हणजे दगड, असं सगळे म्हणत. हल्ली तो दगड हलायला लागला होता. मनगट टेबलाला दाबून, श्वास रोखून ते एकेक पीस रंगवत, आणि हे फक्त बायकोला ठाऊक होतं.

“साहेबांना आज सांगूनच टाका,” सकाळी ती म्हणाली होती. “अर्धा कप चहा दिला तरी निम्मा बशीत जातोय. त्यांना काय डोळे नाहीत?”

“सांगितलं की घरी बसवतील. मग दिवसभर मी करू काय?”

“माझं डोकं खाल, दुसरं काय!” असं म्हणाली खरी, पण तिला हसू काही आलं नाही.

गार झालेली तबकडी घेऊन मास्तर साहेबांच्या खोलीत गेले. काय बोलायचं ते त्यांनी जिन्यातच पाठ केलं होतं. साहेबांनी डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ काढलंच नाही.

“मास्तर, ही रेघ कसली?”

“हात हलला, साहेब.” पाठ केलेल्यातलं एवढंच त्यांनी सांगितलं.

साहेब खुर्चीतून ताडकन उठले आणि त्यांनी मास्तरांना चक्क मिठी मारली. “अहो, कमाल केलीत! गिऱ्हाइकं म्हणतात, इतकं बिनचूक काम म्हणजे मशीनवर छापलेलं असणार. हातानं केल्याचा पुरावा मागतात. आणि तुम्ही न सांगता करून आणलात!”

हसावं की रडावं, मास्तरांना कळेना. जन्मभराच्या कसबाला लोक छपाई समजत होते. पण नोकरी वाचली होती, हेही काही थोडं नव्हतं. त्यांनी हात टेबलावर मोकळा सोडला. थरथरू दे बापडा, आता कुणाची भीती!

साहेबांनी तबकडी परत त्यांच्या हातात दिली.

“या मालिकेतल्या सगळ्या तबकड्यांवर हीच चूक करायची, मास्तर. अगदी अश्शीच. केसभरसुद्धा फरक नको.”