शिरसवाडीचं सांडपाणी

"या यंत्राला भूकबीक लागत नाही, पण माझी कंबर मोडली की गं यमुने," शेजारी बसलेली थोरली जाऊ पुटपुटली. सरपंच यमुनाताईंनी न ऐकल्यासारखं केलं.

ग्रामसभेत, पंचायतीच्या भिंतीवर सरकारने पाठवलेलं बोलकं यंत्र आणखी एक नकाशा उमटवत होतं. साऱ्या गावाचं सांडपाणी एका तळ्यात नेऊन शुद्ध करायचं होतं. गाव एकमताने हो म्हणालं की पैसेही यंत्रच मंजूर करणार होतं. नाहीतर दिवस मावळताच ते पुढच्या गावाला जाणार, आणि शाळेपुढचं गटार आणि पोरांची हगवण मात्र शिरसवाडीतच राहणार.

सकाळपासून गाव हरकती काढत होतं आणि भोळं यंत्र त्या खऱ्या मानून सोडवत होतं. उतार नाही म्हटलं, त्याने उतार काढून दिला. म्हसोबा आडवा येतो म्हटलं, त्याने नळ वळसा घालून नेला. वास सुटेल म्हटलं, तर त्याने वास खाणारी झाडं लावली.

"आता काय अडचण आहे?" यंत्राने अदबीने विचारलं.

"तशी काही नाही," दत्तोबा पाटील खाकरले, "पण दोन तळी केली तर? एक वरच्या आळीला, एक खालच्या."

"खर्च दुप्पट होईल. मंजुरीसाठी कारण लागेल."

सगळे सतरंजीकडे बघत बसले. यमुनाताई उठल्या.

"लिही बाबा. आमचं घाण पाणीसुद्धा खालच्या आळीच्या घाण पाण्यात मिसळलेलं आम्हाला चालत नाही."