सरावाचा पहिला फॉर्म

"गेल्या बारा महिन्यांत तुमच्या घरात चोरी झाली आहे का?" आकडेवाल्यांनी फॉर्ममधून वाचून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता 'नाही'च्या चौकोनावर पेन टेकवलं.

"झालीय," बायको म्हणाली.

"अगं, मस्करी नको. सरकारी कागद आहे."

"मग खरं लिहा की."

गल्लीत त्यांना सगळे आकडेवाले म्हणत. राज्यात वर्षभरात खून किती, मारामाऱ्या किती, घरफोड्या किती, गेल्या वर्षापेक्षा वाढल्या की घटल्या, याचा तक्ता करणं हे त्यांचं काम. एकवीस वर्षं ते पोलीस ठाण्यांतून येणारे आकडे जोडत आले होते. यंदा मात्र वरच्या साहेबांना शंका आली. मारामाऱ्या वाढताहेत आणि चोऱ्या तेवढ्या कमी होताहेत, हे काय गौडबंगाल? चोर सुधारले, की लोकांनी ठाण्याची पायरी चढणंच सोडलं? मग ठरलं, घरोघर जाऊन लोकांनाच विचारायचं. आणि ज्याला दुसऱ्याच्या दारात जायचंय त्याने सरावाचा पहिला फॉर्म आपल्याच घरी भरायचा, असा नियम निघाला. म्हणून ऑफिसातून आल्या आल्या आकडेवाले फॉर्म घेऊन बायकोसमोर बसले होते. ती भाजी निवडत होती.

त्यांनी पेन खाली ठेवलं. काय झालंय ते त्यांच्या लक्षात आलं. प्रशिक्षणात हेच तर बजावलं होतं. लोक जुनी चोरी यंदाची म्हणून सांगतात. खोटं बोलत नाहीत बिचारे, पण जखम ओली असली की कितीही जुनी गोष्ट कालपरवाची वाटते. अशी उत्तरं कुणाला न दुखावता बाजूला काढायची.

"बांगड्यांचं म्हणतेस ना?" ते हळूच म्हणाले. "त्याला नऊ वर्षं झाली. ते यात धरता येत नाही."

नऊ वर्षांत हा विषय घरात पहिल्यांदाच निघाला. त्यांच्या एकुलत्या एका मुलाने विसाव्या वर्षी आईच्या सोन्याच्या बांगड्या गुपचूप नेऊन विकल्या होत्या. "चोराला या घरात जागा नाही," म्हणून आकडेवाल्यांनी त्याला दार दाखवलं. तक्रार मात्र केली नाही. पोटच्या पोराला राज्याच्या तक्त्यात कोण घालील? राग महिनाभरही टिकला नाही, पण तोवर पोरगा शहर सोडून गेला होता. आणि तोंडातून गेलेला शब्द परत कसा घ्यायचा, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. तेव्हापासून अटक झालेल्यांचा तक्ता समोर आला की 'अठरा ते तीस' या रकान्यावरून त्यांचं बोट पुढे सरकत नसे. त्यात नावं नसत, नुसते आकडे असत. तरी ते बघत बसत. यातला एकही आपला नसू दे, म्हणत. आणि असलाच, तर निदान जिवंत तरी आहे, असंही म्हणत.

"बांगड्यांचं नाही म्हणत मी," बायको म्हणाली. "तुमचा राखाडी स्वेटर गेला यंदा."

"तो तू कुणाला तरी देऊन टाकलास ना?"

"मी कशाला देऊ? त्याच्या आदल्या वर्षी छत्री गेली. त्याच्या आधी मफलर."

राज्यातल्या चोऱ्या मोजणाऱ्याला घरातली चोरी कळली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आकडेवाल्यांना हसू आलं.

"चोर आहे की चेष्टा? म्हाताऱ्याचा स्वेटर नेतो!" पुढचा प्रश्न त्यांनी सवयीने वाचला. "कोणत्या तारखेला?"

"अकरा जानेवारी."

त्यांचं हसू तिथेच विरलं. अकरा जानेवारी म्हणजे मुलाचा वाढदिवस.

"तो आला होता?"

"दर वर्षी येतो. बरं चाललंय त्याचं, गाड्या दुरुस्त करतो. दुपारी येतो, जेवतो, तुमच्या खुर्चीत बसतो. जाताना तुमचं काहीतरी पिशवीत घालतो. मी बघते आणि न बघितल्यासारखं करते."

"आणि मला सांगितलं नाहीस? इतकी वर्षं?"

"सांगायचं काय? तुम्हाला माहीत आहे असंच धरून चालले मी. एरवी सहाच्या ठोक्याला घरी येणारा माणूस नेमका त्याच दिवशी आठ वाजेपर्यंत ऑफिसात थांबतो. वस्तू जातात, तर एका शब्दाने विचारत नाही. म्हटलं, यांना बोललेलं मागे घेणं जमत नाही, म्हणून पोरासाठी घर मोकळं करून देतात."

"अगं वेडे..." आकडेवाल्यांनी फॉर्म बाजूला सारला. "त्या दिवशी मला घरात पाऊल ठेववत नाही. जिकडे बघावं तिकडे तोच दिसतो. म्हणून बसतो तिथे. काम कसलं आलंय? नुसता बसून असतो."

बायकोच्या हातातली भाजी तशीच राहिली.

"मग माझंच चुकलं हो," ती म्हणाली. "'बाबांना भेटूनच जातो,' म्हणत तो सात वाजेपर्यंत दाराकडे बघत बसतो. आणि दर वर्षी मीच त्याला उठवते. म्हणते, ऊठ राजा, ऑफिसात ताटकळले असतील ते. तू गेल्याशिवाय घरी यायचे नाहीत."