नैवेद्याआधीची आंबील

"अप्पा! अजून नैवेद्य न्हाई दाखवला, अन् तुम्ही आंबील उष्टी करताय? एवढा हावरटपणा?"

अमरेश इतका ओरडला की शेजारच्या शेतातले लोकही वळून बघायला लागले. त्याचे वडील, शिवलिंगअप्पा, मातीच्या बिंदग्यातली पळीभर आंबील तळहातावर घेऊन तोंडाशी नेतच होते. ती त्यांनी मातीत झटकली. "भूक लागली रे बाबा," असं म्हणून मिशीतल्या मिशीत हसले आणि कडब्याच्या कोपीमागे जाऊन बसले.

येळवशीचा, म्हणजे वेळ अमावस्येचा सण. चाकूरच्या शिवारात घरोघरची माणसं शेतात जेवायला आलेली. अमरेश लातूरला क्लासमध्ये शिकवतो. यंदा त्यानं तिथल्या साहेबांना बायकोपोरीसकट आणलं होतं. अव्वाच्या, म्हणजे आईच्या हातच्या आंबिलीचं कौतुक सांगून सांगून त्यांचे कान किटवले होते. आणि त्यांच्याच समोर बापानं देवाच्या आधी तोंड घालावं! मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

पूजा झाली, पंगत बसली. पहिल्याच घोटाला साहेबांनी डोळे गच्च मिटले. "छान आहे," म्हणाले खरं, पण पेला खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही. त्यांच्या पोरीला, सृष्टीला कुठली आलीय भीड? "ई! केवढी आंबट!" म्हणत तिनं थुंकूनच टाकली. शेजारची केवळाबाई तर टपूनच बसलेली. "लक्ष्मम्मा, हात बिघडला व्हय गं तुझा?"

पदराला हात पुसत अमरेशची अव्वा, लक्ष्मम्मा, कोपीमागे गेली. अमरेश तणतणत तिच्या मागोमाग.

"अव्वा, एवढी आंबट? तुला कळलं न्हाई?"

"न्हाई कळत रे." तिचा आवाज पार बारीक झाला. "मागं तो ताप आला, तवापासून जिभेला चवच न्हाई. आंबट म्हंजे कसं, इसरून गेले मी. तुझे अप्पा चोरून चाखत्यात अन् खुणेनं सांगत्यात. पाणी घाल, मीठ घाल."

अमरेश बापाकडे वळला. "मग मघाशी सांगायचं की! चारचौघांत हावरट म्हणलो मी तुम्हाला."

"म्हण की. मला काय हुतंय?" अप्पा म्हणाले. "हिच्या हाताला नाव ठेवाया नगं कुणी."

अमरेशला लाज वाटली, स्वतःच्या तोंडाची. बापाकडे बघवेना. तो तसाच पंगतीत आला. केवळाबाईचं अजून चालूच होतं.

"मावशी, जास्तीचं ताक मी ओतलं," साहेबांदेखत तो मोठ्यानं म्हणाला. "अव्वाला न इचारता. अप्पा तेच बघाया गेले हुते, अन् मी त्यांनाच हावरट म्हणलो."