ताटलीची सावली

परभणीच्या कॉलेजात उपग्रहांनी काढलेले फोटो उतरवून घेणारं केंद्र उभं राहिलं, तेव्हा भागवत सरांनी सुचवलेली अँटेनाची गोल ताटली कागदावरच राहिली आणि शिवकन्या मॅडमचा माशाच्या काट्यासारखा अँटेना छतावर चढला. सरांनी मॅडमचा पेढा खाल्ला, तोही अर्धाच.

"सर, पहिला फोटो आला. आपलंच छत दिसायलंय," लांब वेणी मागं टाकत मॅडम म्हणाल्या.

सर फोटोत चूक शोधायलाच वाकले. अँटेना मॅडमचाच होता. सावली मात्र गोल ताटलीची.

"घ्या, तुमच्या मनासारखं झालं की," मॅडम हसल्या.

सर छतावर धावले. उन्हात काट्याखाली खरोखर ताटलीच पसरली होती. सर सुखावले.

मग त्यांनी स्वतःच्या पायाशी पाहिलं. तिथल्या सावलीनं लांब वेणी मागं टाकली.