तिसऱ्या रांगेतली खुर्ची

"काकू, खुर्ची फिरवू का?" ऑपरेटर बाईने विचारलं.

"नको. थांब जरा," खुर्चीत बसलेली ती म्हणाली.

व्हीआर हेडसेट डोळ्यांवर चढला होता आणि तिने खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवले होते. समोर रंगमंच उजळला. सहा वर्षांपूर्वीची ती स्वतः, निळ्या पोशाखात, हातभर अंतरावर येऊन उभी राहिली. तिचा तो शेवटचा प्रयोग. चहूबाजूंचं टिपणारा कॅमेरा तेव्हा रंगमंचाच्या पुढच्या कडेला ठेवला होता. त्यामुळे समोर पाहिलं की नाच दिसायचा आणि खुर्ची फिरवली की प्रेक्षक. ती दर आठवड्याला या व्हीआर केंद्रात यायची आणि बसल्या बसल्या नाचाकडे पाठ करायची.

"लोक तुमचा नाच बघायला येतात, आणि तुम्ही मागे काय बघता हो?" ऑपरेटर बाई चिडवायची. ती नुसती हसायची.

मागे, तिसऱ्या रांगेत, तिचा नवरा बसलेला असायचा. त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. प्रयोगाच्या दिवशी तो नळदुरुस्तीच्या कामावरून थेट आला होता, बाह्या अजून कोपरापर्यंत दुमडलेल्या. घरातल्या एकूण एक फोटोत त्याने नेमके डोळे मिटले होते. इथे मात्र ते टक्क उघडे होते.

आज दारावर कागद चिकटवलेला होता. परवानगीशिवाय चेहरे दाखवल्याची कुणीतरी तक्रार केली होती, म्हणून चित्रीकरणातून सगळे प्रेक्षक काढून टाकले होते. खुर्ची फिरवली नाही, तोवर तो मागे असेलही. हे वेडेपण आहे हे तिला कळत होतं. तरी पाय जमिनीवरून हलेनात.

शेवटी तिने डोळे मिटून खुर्ची फिरवली आणि मग उघडले. रांगा होत्या, खुर्च्या होत्या. माणूस एकही नव्हता. तिसऱ्या रांगेतली चौथी खुर्ची तिने पुन्हा पुन्हा पाहिली. दुमडलेल्या बाह्या आठवत होत्या, चेहरा काही केल्या आठवेना.

"आवाज तरी ठेवलाय ना गं?"

"तोही साफ केलाय, काकू. खोकला, कुजबुज, टाळ्या, सगळं."

आता एकच जागा उरली होती. नाचाच्या मध्यावर हात वर करून ती चार मात्रा स्तब्ध उभी राहायची आणि पाचवीला टाच आपटून पुन्हा सुरू करायची. नवऱ्याला नाचातलं ओ की ठो कळत नव्हतं. दर प्रयोगाला तो नेमका तिथेच टाळी वाजवायचा, तीही एकटाच. अख्खं नाट्यगृह वळून बघायचं. घरी आल्यावर ती त्याच्यावर उखडायची. "तू थांबलीस, मला वाटलं संपलं," तो म्हणायचा.

तिने खुर्ची पुन्हा नाचाकडे वळवली. निळ्या पोशाखातला हात वर गेला. ती मोजू लागली. एक. दोन. तीन. हेडसेट काढून पळून जावंसं वाटलं. तिथेही तो नसला, तर मग कुठेच नव्हता. चार.

टाच आपटली. आणि टाचेबरोबर एक टाळी. एकच, राकट हातांची.

"ही... ही कशी राहिली?"

"हां, ती एक राहिलीच बघा," ऑपरेटर बाई म्हणाली. "आवाज साफ करणाऱ्यांनी खूप डोकं लावलं. पण ती बरोबर तुमच्या पावलावर पडलीये. ती काढली की तुमचं पाऊलही जातं."

एकोणतीस वर्षं ती त्याला बजावत आली होती, अहो, तिथे टाळी वाजवू नका. बरं झालं, त्याने तिचं एकदाही ऐकलं नाही.