आणखी एक मारा

प्रयोगशाळेत वडी गारठवायला ओतलेला द्रवरूप नायट्रोजन वाफाळत होता, तरी अतिसंवाहक वडीवर चुंबक काही केल्या तरंगेना. मृणालिनीबाईंनी सोडला की टक्कन खाली.

"मॅडम, हात आवरायला हवा होता," सहकारी हेरंब म्हणाले. "किरणांच्या पहिल्या माऱ्याने वडीत बारीक जखमा झाल्या, त्यांनीच चुंबक घट्ट धरला. पण तुम्ही मारा करतच राहिलात. आता वडी मेली."

मृणालिनीबाई घरी आल्या. अपघातात गेलेल्या लेकीचा शेवटचा व्हॉइस मेसेज त्या रोज ऐकत. ऐकताच काळजात कळ उठे आणि लेक जवळ आल्यासारखी वाटे.

आजही लावला. "आई, निघालेय गं. जेवायला थांब."

कळ उठली नाही. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा.

कुणीतरी परकी मुलगी आपल्या आईला जेवायला थांबायला सांगत होती.